ऋतूची सहल, ऋतूचे गोड आणि एखादे देखणे हॉटेल : तुम्ही हे वर्षात कसे बसवता?

शेवंती (धागाकर्ती)

गेल्या जानेवारीत आईच्या गुडघ्याच्या तपासणीसाठी आम्ही दोघी पुण्याहून मुंबईला गेलो होतो. तपासणी अकरालाच आटोपली आणि परतीची डेक्कन क्वीन संध्याकाळची होती. मधले पाच तास फलाटावर काढण्यापेक्षा गेटवेला जाऊ, असे आईच म्हणाली. लग्नानंतर ती नऊ वर्षे गिरगावात राहिली होती. ताजमहाल हॉटेलची ती इमारत तिने असंख्य वेळा बाहेरून पाहिली होती, पण आत कधी पाऊल टाकले नव्हते. त्या दिवशी मी तिचा हात धरून तिला आत नेले आणि पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये आम्हाला खिडकीजवळचे टेबल मिळाले.

आम्ही चहा आणि एक केक मागवला. आईने मांडीवरचा रुमाल दोनदा उलगडून पुन्हा घडी केला, कारण तो इतका पांढरा होता की त्याला हात पुसायला तिचे मन घेईना. मग घारापुरीला निघालेल्या लाँचकडे बोट दाखवून ती म्हणाली, "तुझ्या जन्माआधी आम्ही दोघे या लाँचने गेलो होतो. वर बसायला वेगळे पैसे पडायचे, म्हणून खालीच बसलो." त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही, फक्त पाण्याकडे पाहत राहिली. माझे बाबा जाऊन सहा वर्षे झाली आहेत.

त्या दिवसापासून माझ्या मनाने घेतले आहे की प्रत्येक ऋतूत एका दिवसाची सहल, त्या ऋतूतच मिळणारा एक गोड पदार्थ आणि तासभर निवांत बसता येईल अशी एखादी सुंदर जागा, एवढे आपल्या वर्षात असायलाच हवे. चार दिवसांचा मोठा प्रवास मला नको आहे. अडचणी दोन आहेत. पहिली अशी की ऋतू हातातून निसटतो. कासला जायचे म्हणेपर्यंत फुले संपतात आणि हुरड्याची आठवण येते तेव्हा ज्वारी कडक झालेली असते. दुसरी अडचण घरातली आहे : तासाभराच्या बसण्यासाठी हॉटेलात एवढे पैसे घालणे ही उधळपट्टी आहे, असे काहींना मनापासून वाटते. आपण हे कसे जमवता, ते सविस्तर लिहावे.

सज्जनगडची वाट

शेवंतीताई, आईंचा प्रसंग वाचून काही वेळ पुढचे वाचवले नाही.

पहिल्या अडचणीवर माझा उपाय सांगतो. मी तारखा धरत नाही, सण धरतो. नागपंचमी झाली की कासच्या नोंदणीची चौकशी सुरू करायची, हे आमच्या घरी आता ठरून गेले आहे. कास पठाराचा २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, तेव्हापासून गर्दी फार वाढली. हंगामात रोज ठरावीक लोकांनाच प्रवेश देतात आणि त्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. शनिवार-रविवार टाळावा, मधल्या वारी सकाळी लवकर पोहोचावे. ऊन चढल्यावर काही फुले मिटतात आणि दुपारी धुके उतरले तर समोरचा माणूसही दिसत नाही.

तेथे गेल्यावर चालण्यापेक्षा एका जागी वाकून पाहावे, अशी माझी विनंती आहे. सीतेची आसवे नावाचे निळसर जांभळे फूल नखाएवढे असते. उभ्याने पाहिले तर पठारावर निळा रंग सांडलेला दिसतो, एवढेच. वाकून पाहिले की एकेका दांडीवरचे फूल वेगळे दिसते. ही वनस्पती ओल्या मातीत, पाण्याखाली असलेल्या इवल्या पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडून जगते, हे कळल्यावर माझा धाकटा पुतण्या अर्धा तास जागचा हलला नव्हता.

परतताना साताऱ्यात कंदी पेढे घ्यावेत. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो, त्यामुळे साखर बेताची असूनही चव भरून राहते. आम्ही पेढ्याचा पुडा राजवाड्याजवळ बसूनच उघडतो, तो घरापर्यंत कधी पोहोचत नाही. हॉटेलाबद्दल मला काही सांगता येणार नाही. आमची सहल पेढ्यापाशी पूर्ण होते.

बार्शीची लेक

विषय फार आवडला, पण हॉटेलाच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. पदार्थ जेथे पिकतो तेथेच बसून तो खाण्यात जी गोडी आहे, ती चिनीमातीच्या बशीत येत नाही.

आमच्याकडे पौष महिन्यात शेतात हुरडा असतो. जमिनीत वीतभर खोल आगटी खणतात, तिच्यात गोवऱ्यांचा विस्तव करतात आणि गूळभेंडी जातीच्या ज्वारीची कोवळी कणसे राखेत खुपसतात. कणीस भाजले की ते हातावर चोळायचे काम माझ्या चुलत्यांचे. त्यांचे तळवे इतके निबर झाले आहेत की धग लागत नाही. चोळून, फुंकर मारून कोंडा उडवला की तळहातावर हिरवट, वाफाळलेले दाणे उरतात. ते दाणे त्याच क्षणी खावे लागतात. दोन मिनिटे गेली की गोडी उतरते. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गुळाचा खडा आणि वर उसाचा रस. दाण्यातच गोडवा असतो, त्यामुळे वेगळ्या मिठाईची आठवण होत नाही.

दोन वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका ठिकाणी कार्यालयातल्या मंडळींबरोबर हुरडा पार्टीला गेले होते. तेथे दाणे आधीच काढून ठेवलेले होते आणि ते तव्यावर गरम करून वाढत होते. शेजारी कर्ण्यावर गाणी चालू होती. आगटीचा धूर नाही, राख नाही, चोळणारा हात नाही. त्या दिवशी मला रडू आले, कारण बरोबरच्या मुलांना वाटले की हुरडा म्हणजे हाच.

काळाघोडा

धागाकर्तीने ज्या इमारतीचा उल्लेख केला, तिच्याबद्दल एक गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक असावी, म्हणून लिहितो. जमशेटजी टाटांनी उभारलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली खुले झाले, म्हणजे हॉटेल गेटवेपेक्षा दोन दशकांनी थोरले आहे. त्याच्या मूळ आराखड्यावर रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या आपल्या माणसाने काम केले होते. त्यांच्यासोबत डी. एन. मिर्झा होते आणि पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरे केले. आत गेल्यावर मधला जिना जरूर पाहावा, आणि खाली उभे राहून मान वर करून पाहावा.

सी लाउंजची आणखी एक ओळख जुन्या मुंबईकरांना ठाऊक आहे. मुलामुलीच्या पाहण्याचे कार्यक्रम तेथे होत असत. माझ्या थोरल्या आत्याचा झाला होता. दोन्ही घरांच्या मध्यावर पडणारी जागा म्हणून ती ठरवली होती, असे आत्या सांगत असे. दोघांनी समुद्राकडे पाहत एक-एक कप चहा घेतला आणि पुढे एक्कावन्न वर्षे संसार केला.

जमाखर्च

मी शेवंतीताईंच्या घरातल्या त्या 'काहींच्या' बाजूचा आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. आम्ही घरात पाच माणसे आहोत. पाच जणांनी मोठ्या हॉटेलात चहा आणि काही गोड घेतले, तर त्यात आमचा पंधरवड्याचा किराणा येतो. ही कंजुषी नव्हे; माझ्यावर दोन मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी आहे आणि प्रत्येक रुपया कोठे जातो, हे मला माहीत असावे लागते. सहल हवी, गोड हवे, हे पूर्ण मान्य आहे. हॉटेल का हवे, एवढे कोणी मला समजावून सांगेल का?

अतिथीसेवा

जमाखर्चदादा, मी बावीस वर्षे हॉटेलांमध्ये सेवा केली आहे आणि आपला प्रश्न रास्त आहे. आधी पैशांचे सांगतो, कारण माहिती असली की खर्च बराच आटोक्यात येतो.

ज्या हॉटेलात खोलीचा दर दिवसाला ७५०० रुपयांहून अधिक असतो, तेथील उपाहारगृहात साधारणपणे १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. इतर ठिकाणी तो ५ टक्के असतो. दरपत्रकावरचा आकडा पाहताना एवढा हिशेब मनात धरावा. सेवा शुल्क बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आहे. ते द्यायचे की नाही, ही आपली मर्जी. जाण्याआधी दूरध्वनी करून दोन प्रश्न विचारावेत : फक्त चहा किंवा एखादा पदार्थ घेतला तर चालेल का, आणि खिडकीजवळचे टेबल राखून ठेवता येईल का. मधल्या वारी दुपारी तीनच्या सुमारास हॉटेल सर्वांत शांत असते. त्या वेळी आलेल्या पाहुण्याकडे आम्हालाही नीट लक्ष देता येते. पाच जणांनी दोन गोड पदार्थ वाटून खाल्ले तर कोणीही नाक मुरडत नाही. जादा बश्या मागाव्यात, आम्ही आनंदाने देतो.

आता हॉटेल का, याबद्दल. माझ्या सेवेच्या काळात एक निवृत्त शिक्षिका दर पावसाळ्यात एकदा येत असत. एक कॉफी, एक लिंबाचा टार्ट. त्या दीड तास पावसाकडे पाहत बसायच्या आणि जाताना आम्हा प्रत्येकाला नावाने निरोप द्यायच्या. त्या दीड तासात त्यांच्याकडे कोणी काही मागत नसे, त्यांना कोठे उठावे लागत नसे. घरी सतत दुसऱ्याचे करणाऱ्या माणसाला कोणीतरी अदबीने पाणी आणून ठेवते, याचे मोल मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

हळदीचे पान

मी पणजीची. आमच्याकडे पावसाळ्यात बाहेरचे लोक कमी येतात, आणि आम्हाला तोच ऋतू सर्वांत प्रिय आहे. फोंताइन्हाश भागातल्या काही जुन्या पोर्तुगीजकालीन घरांची आता लहान हॉटेले झाली आहेत. जाड भिंती, लाकडी जमीन, उंच छत. हंगाम नसल्यामुळे दर उतरलेले असतात आणि व्हरांड्यात बसून चहा घेणाऱ्याला कोणी घाई करत नाही. कौलांवरचा पाऊस ऐकायला मला यापेक्षा चांगली जागा ठाऊक नाही.

गोडाचे म्हणाल तर आमच्याकडे श्रावणात पातोळ्या होतात. हळदीच्या ताज्या पानावर तांदळाचे वाटण बोटांनी पातळ पसरायचे, त्यावर गूळ-खोबऱ्याचे चून घालायचे, पान मधोमध दुमडायचे आणि मोदकपात्रात उकडायचे. झाकण काढले की हळदीच्या पानाचा जो वास घरभर होतो, तो वर्षभरात पुन्हा येत नाही, कारण कोवळी पाने पावसाळ्यातच असतात. पान सोलताना पातोळीवर शिरांची नक्षी उमटलेली दिसते. आम्ही हिंदू घरांत त्या नागपंचमीला करतो. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबात १५ ऑगस्टला, मारिया माउलीच्या फेस्ताला पातोळ्यो होतात. त्यामुळे एकाच श्रावणात आमच्या घरी दोनदा पातोळ्या येतात आणि आमच्या डब्यातून दोनदा जातात.

सज्जनगडची वाट यांनी लिहिलेला सण धरण्याचा उपाय आम्ही नकळत पाळतच आलो आहोत. हळदीची पाने हातात आली की श्रावण चुकत नाही.

पंचगंगेकाठ

मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे, म्हणून या धाग्यावर लिहू की नको, असा विचार करत होतो. डॉक्टरांशी बोलून मी एक नियम केला आहे. वर्षभर चहात साखर नाही, सणावारी दुसरी वाटी नाही, पण हिवाळ्यात नृसिंहवाडीला गेलो की अर्धी वाटी बासुंदी. दुपारचे जेवण त्या मानाने कमी करतो आणि कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर चालून येतो. ती अर्धी वाटी मी पंधरा मिनिटे पुरवतो. आधीच्या आयुष्यात मी कितीतरी बासुंदी खाल्ली असेन, पण आटवलेल्या दुधाचा खरपूस कण जिभेवर वेगळा कळतो, हे मला या अर्ध्या वाटीने शिकवले. ज्यांच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, त्यांनी त्या माणसाला सहलीतून वगळू नये.

पाचवा मजला

हॉटेल का हवे, या प्रश्नावर माझे उत्तर थोडे निराळे आहे. माझे वडील तीन वर्षांपासून चाकाच्या खुर्चीत आहेत. महाबळेश्वरला आम्ही दर वर्षी जात असू. त्यांना एकेका पॉइंटचे नाव पाठ आहे. आता बहुतेक पॉइंटांवर पायऱ्या किंवा खडबडीत वाट आडवी येते. स्वच्छतागृहाचा प्रश्न तर असा आहे की मी सकाळपासून त्यांना पाणी कमी देत असे, हे लिहितानाही मला वाईट वाटते. चांगल्या हॉटेलात उतार असतो, रुंद दार असते, हाताला धरायला दांडी असते आणि मदतीला माणूस येतो. मी तेथे चहाचे पैसे देत नाही. वडिलांना मनमुराद पाणी पिता यावे, याचे देते.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही पाचगणीजवळच्या भिलारला गेलो. हे पुस्तकांचे गाव म्हणून ४ मे २०१७ रोजी सुरू झाले. आरंभी २५ ठिकाणी, घरांत आणि देवळाशाळांत, मराठी पुस्तके ठेवली होती. कोणीही आत जाऊन वाचत बसावे. गाव मुळात स्ट्रॉबेरीचे आहे. एका घराच्या पडवीत जाताना दोन पायऱ्या होत्या. घरमालक आणि त्यांचा मुलगा यांनी न सांगता खुर्ची उचलून आत ठेवली. वडिलांनी एक प्रवासवर्णन घेतले आणि दोन तास वाचले. मालकीणबाईंनी वाटीत स्ट्रॉबेरी आणून दिली, सकाळी तोडलेली, देठासकट, अजून गार. पुस्तकाला डाग पडू नये म्हणून वडील एका हाताने पान धरून दुसरा हात लांब करून खात होते. आजारपणानंतर प्रथमच मी त्यांना दोन कामे एका वेळी करताना पाहिले.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हंगाम डिसेंबर ते मार्च चांगला असतो. माझ्या अनुभवाने फेब्रुवारीतले फळ अधिक गोड लागते आणि थंडीही वडिलांना सोसते.

बार्शीची लेक

पाचवा मजला, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझे मत बदलते आहे. आमच्या शेतात आजही बायकांसाठी सोय नाही. माझ्या सासूबाई हुरड्याला येत नाहीत, आणि त्याचे कारण मी कधी विचारले नव्हते. काल विचारले, आणि कारण तेच निघाले. या पौषाआधी विहिरीजवळ पक्के स्वच्छतागृह बांधायचे, हे आजच चुलत्यांशी बोलले आहे. त्यांनी विटांचा भाव काढायला घेतला आहे.

तोक्योची चैत्रपालवी

मी सात वर्षे जपानमध्ये आहे. ऋतूशी बांधलेले गोड येथे इतके ठाम आहे की मला घरची आठवण त्यानेच होते. मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी साकुरा फुलतो, तेव्हा दुकानांत साकुरामोची येते. आत लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या अझुकीचे गोड पुरण, त्याभोवती गुलाबी आवरण आणि बाहेर मिठात मुरवलेले चेरीचे पान. तोक्योकडे आवरण पातळ घावनासारखे असते, तर ओसाकाकडे चिकट तांदळाच्या कण्यांचे. सुमिदा नदीकाठी चोमेइजी देवळाजवळ मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा हळदीच्या पानातल्या पातोळीचीच आठवण झाली, म्हणून हळदीचे पान यांचा प्रतिसाद वाचताना अंगावर काटा आला. फरक एवढाच की येथे अनेक लोक पानही खातात, आणि त्या खारटपणाने पुरणाची गोडी उठून येते.

झाडाखाली निळी ताडपत्री अंथरून लोक डबे उघडतात. आम्ही चार मराठी कुटुंबे त्या दिवशी पुरणपोळी नेतो. बहुधा गुढीपाडवा आगेमागेच असतो. फुले आठवडाभरातच गळतात, त्यामुळे 'पुढच्या रविवारी पाहू' असे येथे कोणी म्हणत नाही.

संत्र्याची बाग

नागपूरकडचे कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. संत्र्याचे आमच्याकडे दोन बहार असतात. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, आणि मृगाच्या पावसावर धरलेल्या बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृगाचे फळ जास्त गोड, हे माझे ठाम मत आहे. एखाद्या ओळखीच्या बागेत परवानगी घेऊन जावे आणि झाडाखालीच फळ सोलावे. साल इतकी सुटी असते की अंगठा लावताच निघते. नंतर शहरात येऊन संत्रा बर्फी घ्यावी, म्हणजे फळ आणि मिठाई यांची चव एकाच दिवशी शेजारी-शेजारी ठेवून पाहता येते.

जमाखर्च

अतिथीसेवाकाका आणि पाचवा मजला, दोघांचेही प्रतिसाद पत्नीला वाचून दाखवले. तिने एकच विचारले, "मला कोणी आयते पाणी आणून दिल्याला किती वर्षे झाली?" मला उत्तर देता आले नाही. आम्ही असे ठरवले आहे की महिन्याला २०० रुपये एका वेगळ्या डब्यात टाकायचे. वर्षाचे २४०० होतात. त्यात श्रावणात एकदा आम्ही दोघेच जाऊ, दोन कप कॉफी आणि एक गोड घेऊ. मुलांना हिवाळ्यात बसने कोठेतरी न्यायचे. बार्शीच्या ताईंची हरकत नसेल तर हुरड्याला.

बार्शीची लेक

हरकत कसली, पाचही जण या. पौषातल्या पहिल्या रविवारी सकाळी आठला एसटी स्थानकावर माणूस पाठवते. कणसे त्यानंतर पंधरा दिवसांत कडक होतात, तेव्हा पुढे ढकलू नका.

शेवंती (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. आत्याबाईंच्या एक्कावन्न वर्षांच्या संसाराचा भाग तिने दोनदा वाचायला लावला.

सज्जनगडची वाट यांचा उपाय मी लगेच अमलात आणला आहे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर नागपंचमीच्या चौकटीत 'कास नोंदणी, हळदीची पाने', पौषाच्या आरंभी 'हुरडा' आणि फेब्रुवारीच्या पानावर 'भिलार' असे लिहून ठेवले आहे. भिलारला आईला दोन पायऱ्या चढता येतील. गुडघा आता बरा आहे.

एक काम मात्र थांबायचे नाही. उद्या आम्ही दोघी पुन्हा मुंबईला जात आहोत. आईने स्वतःच ठरवले आहे की या वेळी आधी घारापुरीची लाँच आणि मग चहा. लाँचच्या तिकिटाचे पैसे तिने वेगळ्या पाकिटात काढून ठेवले आहेत आणि त्यात वरच्या मजल्यावर बसायचे जादा पैसे तीन माणसांचे आहेत. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "राहू दे, त्यांचेही भरायचे राहिले होते."